टिचकी मारली, पण पाहिले नाही

मित्रांनो, मी एक जुना उंचीमापक आहे. एका छोट्या विमानात, वैमानिकाच्या अगदी डोळ्यांसमोर माझी जागा होती. आता काच तडकली आहे आणि मी एका मेकॅनिकच्या फळीवर पडून असतो.

एक गुपित सांगतो. मला उंची कळतच नाही. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे. हवेचा दाब कमी झाला की ती फुगते आणि माझा काटा वर सरकतो. डोंगरावर दाब कमी होतो, तसा हवा बिघडली तरी होतो. मग मी जमिनीवर बसल्या बसल्या स्वतःला उंच समजू लागतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी कळ फिरवून मला धावपट्टीच्या उंचीवर आणावे लागते. आमच्या शेडच्या खांबावर ती रंगवलेली होती: चार हजार फूट.

आमचा वैमानिक खिंडीपलीकडच्या गावांना औषधे पोचवायचा. मेकॅनिक त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. निघण्यापूर्वी वैमानिक माझ्या काचेवर टिचकी मारायचा, काटा पाहायचा, मग खांब पाहायचा. "आमचे म्हातारबुवा कधी थाप मारत नाहीत," असे बारा वर्षे म्हणत आला. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या सकाळी खिंडीवर ढग उतरू लागले होते.

"दाजी, काटा मी काल संध्याकाळीच लावून ठेवलाय," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही निघा, तेवढाच वेळ वाचेल."

बिचाऱ्याने भल्यासाठीच केले होते. पण रात्रीतून दाब उतरला होता. चाके जमिनीवर असताना मी चार हजार तीनशे दाखवत होतो. वैमानिकाने सवयीने टिचकी मारली, पण नजर ढगांवर होती.

खिंड नऊ हजार फुटांवर, आणि ढग तिच्या डोक्याला टेकलेले. दरी अरुंद होण्याआधी मागे वळता आले असते. त्याने माझ्याकडे पाहिले. मी नऊ हजार तीनशे सांगितले.

"जमतंय की," तो पुटपुटला.

खिंडीतले दगड आमच्याच उंचीवर होते. तो गेला आणि मी उरलो, याचे मला अजून वाईट वाटते.

काही दिवसांनी त्याची बायको शेडमध्ये आली. तिने मला हातात घेतले. "याने खोटं सांगितलं का रे?" तिने भावाला विचारले.

"नाही, ताई. याला सकाळी कुणी विचारलंच नाही. मीपण नाही."

मग बोटाने माझ्या काचेवरची धूळ पुसून तिने मला फळीवर ठेवले.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर जीव सोपवता, त्याला दर वेळी नव्याने विचारा. बारा वर्षांचा विश्वाससुद्धा आदल्या संध्याकाळपर्यंतच पुरतो. हल्ली मेकॅनिक रोज सकाळी खांबाकडे पाहून मला चार हजारांवर आणतो. मी कुठेच जात नाही, आणि माझा काटा रोज अगदी बरोबर असतो.