चौदा नंबरची जर्सी

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, बिनबाह्यांची जर्सी आहे. माझ्या पाठीवर चौदाचा आकडा आहे आणि डाव्या खांद्यावर नोरीनच्या हातचा टाका.

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या बास्केटबॉल संघात जोसलिन ट्रेगिरने मला नऊ हंगाम घातलं. सगळे तिला ट्रेगी म्हणत. पोरगी खेळायची कसली, जीव टाकायची! सामना संपला की मी घामाने निथळत असे. संघाचे कपडे धुणारी नोरीन नाक मुरडायची, "ट्रेगी, ही जर्सी आहे की फरशी पुसायचं फडकं?" तेव्हा मला ते फार लागायचं. आता वाटतं, तेच माझे सोन्याचे दिवस होते.

मग ट्रेगीचा गुडघा गेला. क्लबने समारंभ केला. चौदा नंबर यापुढे कुणालाही मिळणार नाही, असं जाहीर झालं आणि टाळ्यांच्या कडकडाटात मला दोराने मैदानावरच्या छताला चढवलं. एवढा मान! मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, वर बोलायला कुणीच नाही.

खाली ट्रेगी कोच झाली. मुली तिला वचकून असत. सामन्यानंतर त्या खिदळत चिप्स खायला जायच्या, पण तिला कुणी "चल" म्हणत नसे. एवढ्या मोठ्या खेळाडूला कसं म्हणायचं? मग ती रिकाम्या बाकावर गुडघ्याला बर्फ लावून बसायची. वर बघून म्हणायची, "तुझं बरं आहे बाई, तुला गुडघे नाहीत." अकरा वर्षांत माझ्याशी कुणी बोललं ते एवढंच.

गेल्या वर्षी अंतिम सामन्याची दोन मिनिटं उरली असताना कॅली नावाच्या मुलीचं नाक फुटलं. जर्सीवर रक्त सांडलं. नाकाचं रक्त थांबलं, पण रक्ताच्या कपड्यात खेळायचं नाही, असा नियम. बदली खेळाडू एकही उरली नव्हती आणि जादा जर्सी नोरीनच्या अंगणात वाळत होती!

ट्रेगीने वर पाहिलं. "नोरीन, दोर सोड."

"ट्रेगी, वेड लागलंय का?" क्लबचे अध्यक्ष ओरडले. "तो क्लबचा मान आहे!"

"मान गेला खड्ड्यात! पोरीला कपडा हवाय."

पंच बरं म्हणाले. कॅलीने मला अंगात घातलं, धुळीने दोनदा शिंकली आणि पळत सुटली. अहाहा, तो घाम!

सामना आम्ही एका गुणाने हरलो. कॅली मला परत देताना रडत होती. "माफ करा कोच, तुमचा नंबर हरला."

ट्रेगीने मला तोंडाशी धरलं. "वास परत आला गं हिला," ती म्हणाली आणि तीही रडू लागली.

कॅली जरा घुटमळली. मग म्हणाली, "चल ना ट्रेगी, चिप्स खायला."

आता मी छताला नसते. जादा जर्सी म्हणून नोरीनच्या पिशवीत तळाशी पडून असते. तिथेही एकटंच वाटतं. कुणाचं नाक फुटावं, असं मी मनात आणत नाही. बरं, कधीतरी आणते.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला उंच टांगून ठेवू नका. हाताशी ठेवा, मळू द्या, धुवा. आणि कुठे निघालात तर त्याला "चल" म्हणा.