वर धरलेला हात

पिवळ्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटून वर आला होता. मिठाच्या बरणीवर डकवलेली दोन बोटं रुंदीची चिठ्ठी, बरणीच्या ओलीने मऊ पडलेली, आणि तिच्यावर हेमालीच्या गोल अक्षरात ‘साल’. खाली तोच स्पॅनिश शब्द त्या लोकांच्या लिपीत, जी सखूला वाचता येत नाही. सखूने अंगठ्याने कोपरा दाबला. तो बसला आणि अंगठा काढल्याबरोबर पुन्हा हळूच उठला. तिने पुन्हा दाबला. गॅसवर पेज रटरटत होती, धर्माजीची पेज, न चावता गिळता येईल अशी पातळ… तिच्यात मीठ घालायचं म्हणूनच तिने बरणी काढली होती, पण दाबता दाबता ते राहून गेलं. तिने बरणी फळीवर परत ठेवली आणि गॅस बंद केला.

घरभर चिठ्ठ्या होत्या. स्पेनला जाण्याआधीच्या रविवारी नातीने, हेमालीने, दिवसभर बसून त्या लावल्या होत्या. दाराला ‘पुएर्ता’, खिडकीला ‘बेन्ताना’, खुर्चीला ‘सिया’, बटाट्याच्या टोपलीला ‘पताता’ – बघ आजी, हा तर आपलाच बटाटा! – आणि शेवटी उरलेली एक धर्माजीच्या पाठीवर, ‘आब्वेलो’, म्हणजे आजा. ती पाठीवर घेऊन तो टपरीपर्यंत चहाला जाऊन आला होता. लोक हसले तेव्हा म्हणाला, “माज्या नातीनं माजं नाव ठेवलंय, तुमच्या पोटात कशाला दुकतं?” रात्री सदरा काढताना त्याने ती चिठ्ठी जपून काढली आणि खाटेच्या पायाला चिकटवली. ती अजून तिथेच आहे, आणि तोही त्याच खाटेवर… पण उजवा हात, उजवा पाय आणि जीभ यांच्याविना.

वीस दिवस झाले. सकाळी उठून पाण्याचा तांब्या उचलायला गेला तो तांब्यासकट खाली. इस्पितळात अकरा दिवस. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. बोलणं येईल न येईल, आणि असा झटका पुन्हा येणारच नाही असं काही सांगता येत नाही. सगळ्यांना कळलं, गावाला कळलं, बोर्लीपंचतनला सखूच्या भावाला कळलं. फक्त हेमालीला नाही.

हेमाली स्पेनमध्ये होती. न्हावा शेव्याला माल सोडवणाऱ्या एका कचेरीत ती नोकरी करते; तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांची जहाजं येतात, त्यांचे कागद येतात, त्यांचे चिडलेले फोन येतात, आणि कचेरीत एकालाही ती भाषा येत नाही. म्हणून तिला आठ आठवड्यांसाठी धाडलं होतं. एका लहान गावात, एका विधवा बाईच्या घरी राहायचं, सकाळी वर्ग, दुपारी बाजार आणि गप्पा, आणि नियम असा, की घराचा उंबरा ओलांडला की दुसऱ्या कुठल्याही भाषेतला शब्द काढायचा नाही. इंग्रजीसुद्धा नाही. आपल्या घरी फोन रविवारी अर्धा तास, तोही बाहेर जिन्यावर बसून. शेवटी परीक्षा. ती पास झाली की बढती, आणि त्या जहाजांचं सगळं काम हिच्याकडे.

मागच्या रविवारी तशीच जिन्यावर बसून ती सांगत होती, “आजी, पहिल्या आठवड्यात सूप अळणी असायचं आणि मला मीठ मागताच येईना! घरभर चिठ्ठ्या लावून पाठ केलेला शब्द, पण तोंडातून निघेल तर शपथ. पिलारबाई बरणीवर हात ठेवून बसायच्या, शब्द काढ मग देते म्हणून. तीन दिवस अळणी प्यायले.”

“मंग?”

“चौथ्या दिवशी निघाला. आणि काल तर मी त्यांच्याशी भांडले, गरम पाण्यावरून.”

“भांडता आलं?”

“आलं ना!”

“मंग आली म्हन भाषा. उसन्या जिभेनं भांडता येत न्हाय.”

हेमाली खूप हसली, आणि हसता हसताच म्हणाली, “आजाला दे ना.”

“आजा खाडीवर गेलाय.”

“परत? या वयात?”

“त्याचं वय त्याला कोन सांगनार?”

किती सरळ आलं ते तोंडातून. अडखळली नाही, नजर हलली नाही. फोन ठेवल्यावर सखूला स्वतःचीच भीती वाटली होती.

आज पुन्हा रविवार. चार वाजता फोन येईल. सकाळी ट्रेलरवर निघताना सिद्धेशने बूट घालता घालता सांगितलं होतं, “आई, आज पण तेच. आबा खाडीवर गेलेत.”

“दर ऐतवारी खाडीवरच? पोरगी काय येडी हाय?”

“मग झोपलेत सांग. एकवीस दिवस राहिलेत फक्त. आत्ता कळलं तर ती बॅग उचलून येईल, तुला काय माहीत नाही ती? सगळं केलेलं पाण्यात जाईल.”

जयमाला दोरीवर कपडे घालत होती. तिकडूनच म्हणाली, “आणि आल्यावर आबाच नसले तर? माझं तोंड बघेल का ती?”

“तू आता सुरू नको होऊस.”

“मी कुठं सुरू होतेय? आईंनाच बोलायचंय फोनवर. आईंनाच ठरवू दे.”

सिद्धेश गेला. जयमालाही पाळीसाठी बंदराच्या कॅन्टीनवर गेली. घरात सखू राहिली, खाटेवर तो, आणि मागे तो आकडा. एकवीस. तोंडातल्या खड्यासारखा. सिद्धेशला आठवत नसेल, तो तेव्हा नोकरीच्या शोधात बाहेर होता…

सेहेचाळीस वर्षांची होते मी. दिवाळीच्या सुट्टीत अलिबागच्या बाजूला एका रिकाम्या शाळेत बायकांचं शिबिर होतं, अक्षरं शिकायचं, एकवीस दिवस तिथेच राहायचं. मिठागरावरच्या आम्ही नऊजणी गेलो होतो, कारण आगरं तयार करायचं काम अजून लागायचं होतं. शिकवायला कमळबाई होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकीच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधली आणि म्हणाल्या, आजपासून याला रजा. एकवीस दिवस ती चिंधी सोडायची नाही. धुवायची, वाळवायची, पुन्हा बांधायची. पाटावर म, भिंतीवर भ, जेवताना ताटात बोटाने ज. झोपेतसुद्धा बायका काना-मात्रा बरळायच्या. घरची माणसं फक्त रविवारी भेटायची, अर्धा तास, फाटकाशी.

धर्माजी तिन्ही रविवारी आला. सुकट घेऊन आला, भाकऱ्या घेऊन आला. दुसऱ्या रविवारी मी विचारलं, आये कशी हाय? बोर्लीला तिला ताप येतो असं मी निघतानाच कळलं होतं. तो सुकटीची पुरचुंडी सोडत होता. म्हणाला, “बरी हाय. जेवते.” मी त्याला फळ्यावर लिहिलेलं माझं नाव खिडकीतून दाखवलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं. त्याला एकही अक्षर येत नव्हतं, तरी पाहत राहिला. मग निघाला, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि एक हात वर केला. हा कधी कुणाला हात न करणारा माणूस. मला हसू आलं. कमळबाईंनी हाक मारली, मी वळले, दारातून पुन्हा मागे पाहिलं तरी त्याचा हात वरच होता.

आये बाराव्या दिवशी गेली होती. म्हणजे त्या रविवारच्या दोन दिवस आधी.

एकोणिसाव्या दिवशी मी पोस्टकार्ड लिहिलं. ‘आये, मी सखू. हे मी हातानी लिवलं.’ शिबिर संपवून घरी आले, मग मला सांगितलं. बोर्लीला पोचले तेव्हा पुण्यानुमोदनही होऊन गेलं होतं. भावाने आढ्याला खोचलेलं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. आयुष्यात मला मिळालेलं पहिलं पत्र. ते माझंच होतं.

“का न्हाय सांगितलंस?” मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “तू आली असतीस. आनि आली असतीस तर परत गेली नसतीस.” एवढंच. त्यानंतर सत्तावीस वर्षांत त्या गोष्टीवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. तो मिठाचा अख्खा हंगाम तर मी त्याच्याशी काहीच बोलले नाही… आणि गंमत अशी, की मिठागरावर त्यावाचून काही अडलं नाही.

अडणार कसं? तिथलं काम हातावर चालायचं. खाडीचं पाणी आत घ्यायची ती उघाडी, तिच्या फळीशी सखू. आणि पाव मैलावर, आतल्या बांधावर, पाण्याची पातळी बघत धर्माजी. मध्ये वारा असा, की हाक मारली तर आपल्याच तोंडात परत यायची. त्याचा हात वर असेपर्यंत फळी खाली. हात पडला की फळी उचलायची. वेळेआधी उचलली तर पिकत आलेलं मीठ विरघळून जायचं, उशिरा उचलली तर भरती बांध फोडायची. सखूचे डोळे त्या एका हातावर. कधी कधी तासभर. उन्हात लवलवणारी बारीकशी काठी असावी तसा दिसायचा तो. आता तिथे भराव पडलाय, वर पेट्यांवर पेट्या रचल्यात, उघाडी कुठे होती हे दाखवायचं म्हटलं तर सखूलाही दाखवता येणार नाही. पण तो हात अजून दिसतो.

तिने पेज वाटीत घेतली. खाटेशी बसून चमच्याने भरवू लागली. तो गिळत होता, मध्येच थांबत होता, तिच्याकडे बघत होता. ओठाच्या उजव्या कडेने ओघळ आला, तो तिने पदराने टिपला. अर्धी वाटी झाल्यावर ती म्हणाली, “ऐक. आज हेमाचा फोन येनार हाय.”

डोळे तिच्यावर आले.

“तिला सांगू का तुजं? का नको?”

किती मूर्खासारखं विचारलं, कोण उत्तर देणार आहे… पण डावा हात चादरीवर हलला. बोटं आधी, मग मनगट. हात उठला. हळूहळू, थरथरत, खांद्याएवढा वर आला आणि तिथे राहिला. वर. म्हणजे फळी खाली. म्हणजे नको. आणि ती तसं मनात म्हणते न म्हणते तोच हात पडला.

पडला, की पाडला?

“धर्मा, काय म्हंतोस? परत कर.” तिने विचारलं, पुन्हा विचारलं. तो खिडकीकडे पाहत होता, ‘बेन्ताना’कडे. हात उठला नाही. त्याच्या त्या एका हाताला उचलून धरायची ताकदच एवढीशी… सखू चिडली. सत्तावीस वर्षांपूर्वीसारखी चिडली. तेव्हाही तू एकट्यानेच ठरवलंस, आणि आता विचारते तर असा. तिने वाटीतला राहिलेला घास रागानेच स्वतःच्या तोंडात घातला.

अळणी. ठार अळणी.

अर्धी वाटी खाल्ली याने. बघत होता तो मघापासून, मध्ये मध्ये थांबून, ते हेच सांगत होता… तिने उठून बरणी आणली. चिमूटभर मीठ बोटावर घेतलं आणि त्याच्या जिभेवर ठेवलं. आधी तोंड आवळलं, मग सुटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मिठाचं की आणखी कशाचं कोण जाणे. तिने बरणीवर हात ठेवून शब्दाची वाट पाहिली नाही. दुसरी चिमूट ठेवली.

चारला पाच कमी. फोन मांडीवर. सखूला वाटलं होतं एव्हाना काहीतरी ठरलेलं असेल. सांगितलं तर पोरगी येईल, त्याला बघेल, त्याला धरेल. आणि मग ती भाषा अर्धी राहील, अर्धं पिकलेलं मीठ. नाही सांगितलं आणि हा गेला, तर पुढची सत्तावीस वर्षं ती कुणाच्या तोंडाकडे बघत बसेल, ते सखूला ठाऊक होतं. आणि याने मला तेव्हा सांगितलं असतं तर? मी आले असते. आयेचा हात हातात घेतला असता. आणि या चिठ्ठ्या आज मला वाचता आल्या नसत्या, ‘आब्वेलो’सुद्धा नाही. दोन्ही खरं आहे. इतकी वर्षं त्यातलं एकच मी हातात धरून बसले.

फोन वाजला. व्हिडिओचा फोन. तो असा समोर, तोंडाच्या उंचीला वर धरावा लागतो, नाहीतर हेमाली ओरडते, आजी छत दिसतंय! सखूने बटण दाबलं आणि हात वर केला.

“जयभीम आजी!” जिना, ऊन, आणि तिचं तोंड. काळवंडलेलं, हसरं. “ऐक ना, काल मला स्वप्न पडलं, आणि त्यात तू माझ्याशी स्पॅनिश बोलत होतीस! धडाधड! आणि आजा तुला म्हणत होता, हळू बोल गं…” ती बोलत राहिली. परीक्षेचं, पिलारबाईंनी शिकवलेल्या आमटीचं, बाजाराचं. सखू हं हं म्हणत होती. फोन हलू नये म्हणून तिने कोपर अंगाशी घेतलं, तरी दंड भरून येऊ लागला. खांद्यापासून एक कळ निघून बोटांपर्यंत आली. हात खाली घ्यावासा वाटत होता. थोडासा जरी खाली घेतला तरी मागची खाट दिसेल, चादर दिसेल, तो दिसेल.

रस्त्यापलीकडे उभा होता तो. निरोप नव्हता तो. बांधावरचा हात होता.

हे तिला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं, आणि आता ते नवं काही कळल्यासारखंही वाटलं नाही, जणू तो हात तेव्हापासून तसाच उभा होता आणि आपल्यालाच तो दारातून ओळखता आला नव्हता. फाटकापासून दारापर्यंत. मी आत जाईपर्यंत, दार लागेपर्यंत, आणि त्यानंतरही किती वेळ, एकट्याने, भर रस्त्यात. किती दुखला असेल.

मागे खाट करकरली. चादरीची सळसळ झाली. तो काय करतोय हे पाहायला सखूला वळता येत नव्हतं. दंड थरथरत होता, आणि फोनमधलं ऊन, जिना, नातीचं तोंड, सगळं बारीक बारीक हलत होतं.

“आजी, हात का हलतोय तुझा? आणि आजा कुठाय?”

“हाय,” सखू म्हणाली. “हितंच हाय.” आणि तिला जाणवलं, की त्याच्यावरचा राग शोधूनही कुठे सापडत नाही, उरलाय तो फक्त हा हात, आणि त्याचं वजन.