टिटवीला वळसा

"शी!" म्हणून साधनाने हात झटकला. कुणीतरी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन प्लास्टिकच्या पन्नीतच थुंकलं होतं आणि वर गाठ मारून ती पन्नी तलावाच्या पाळीवर भिरकावली होती. गाठ नेमकी साधनाच्या बोटांत सुटली. हातमोजे धावण्याच्या ग्रुपचे योगेंद्रभाऊ दर रविवारी आणणार होते आणि दर रविवारी विसरत होते.

तुमसरची ही धावणारी मंडळी रविवारी सकाळी गावातून निघायची, पाळीवरून धावत पलीकडच्या निसर्ग केंद्राशी पोचायची आणि मग तासभर श्रमदान करायची. निदान फोटोत तरी करायची. खराटा धरायचा, कमरेत वाकायचं, फोटो निघाला की खराटा दुसऱ्याच्या हाती. स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या आणि केळीच्या साली तिथेच पाळीवर टाकून घरी. साधना दिवसभर गॅस एजन्सीच्या काउंटरवर बसून लोकांची खेकसणी ऐकायची. साखर वाढली, डॉक्टरांनी हातपाय हलवायला सांगितलं आणि ती या लोकांत येऊन पडली. धावणं तिला मनापासून आवडू लागलं होतं. माणसांची मात्र दिवसेंदिवस किळस यायला लागली होती.

ती धावायची सगळ्यांच्या मागे, म्हणूनच पुढच्यांना जे दिसलं नाही ते तिला दिसलं. वाटेच्या कडेला मुरमात टिटवीची अंडी होती, मुरमाच्याच रंगाची. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कोकलली तेव्हा साधना पायाखाली बघून थबकली. आसगावला तिचे वडील उन्हाळी नांगरटीत अशी अंडी दिसली की बैल वळवायचे आणि तेवढा तुकडा सोडून द्यायचे. सगळं शेत उलथलेलं आणि मध्ये एक पडीक टिकली. घरी येऊन ते याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. साधनानेही तेच केलं. दोन रविवार ती त्या जागी वळसा घालून धावली आणि गप्प राहिली.

तिसऱ्या रविवारी केंद्राच्या ओट्यावर उभं राहून योगेंद्रने घोषणा केली. योगेंद्र राईस मिलवाला, ग्रुपचा म्होरक्या, आणि धावतानाही गालात खर्रा धरणारा साधनाने पाहिलेला पहिलाच माणूस.

"पुढच्या संडेले वसुंधरा दिनाची दौड हाय. मोठे पाहुणे येऊन राहिले. पाळीवर रोलर फिरवून घेतो मी, एकदम चकाचक!"

"रोलर नोका फिरवू, भाऊ," साधनाच्या तोंडून निघून गेलं. "तिथं टिटवीनं अंडे घातले."

झालं. सगळे पाळीवर धावले. इतक्या वेगाने ते एरवी कधी धावले नव्हते. योगेंद्र हात जोडून म्हणाला, "साधनाताई, तुमी तं ग्रुपची शान हा! रोलर कॅन्सल. या अंड्यांची जिम्मेदारी आता आपली."

खोटं कशाला बोला, साधनाला बरं वाटलं. फार बरं वाटलं. एजन्सीत इतकी वर्षं काढली, पण तिला कुणी शान म्हटलं नव्हतं.

"बस, तिथं कोनी जाऊ नोका," ती म्हणाली.

"हो जी, हो जी," सगळे म्हणाले.

पुढच्या रविवारी ती पाळीवर चढली आणि जागीच थांबली. अंड्यांभोवती गेरू-चुन्याने रंगवलेल्या विटांचं रिंगण होतं. त्याबाहेर रांगोळी आणि रांगोळीत मोर. बांबू रोवून पताका बांधल्या होत्या. योगेंद्रच्या हसऱ्या फोटोचा फलक होता, 'शांतता राखा, नवजीवन फुलत आहे', आणि फलकाच्या बाजूलाच भोंगा वाजत होता. कुणीतरी भक्तिभावाने अंड्यांवर झेंडूच्या पाकळ्याही वाहिल्या होत्या.

केंद्राचा रखवालदार परसराम बाजूला तोंड पाडून उभा होता. विटा त्यानेच रंगवल्या होत्या. "कालपासून अंड्यांवर बसलीच नाही जी ते," तो हळूच म्हणाला. "वरच फिरून राहिली."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना भाऊले. म्हणे, उद्या कार्यक्रम झाला का सारं हटवू."

साधना तरातरा योगेंद्रकडे गेली. "भाऊ, हे सारं काढा. ऊन चढून राहिलं, अंडे शिजतीन."

"अर्धा घंटा, ताई. पाहुणे गेटवर आले. अन् तुमचाच सत्कार हाय ना!" एवढं बोलून त्याने पाळीच्या उतारावर पिचकारी मारली.

पाहुणे धापा टाकत चढले. त्यांनी दोन बोटांत एक अंडं उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बापरे, एवढंसं!" टाळ्या पडल्या. टिटवी ओरडत होती की थकून थांबली होती, भोंग्यापुढे काही कळत नव्हतं. साधनाला पुढे ढकललं गेलं, खांद्यावर शाल पडली, कुणीतरी "हसा, ताई" म्हणालं आणि साधना हसली. काउंटरवर बसून तोंडाला ती सवयच लागली होती.

इतके दिवस तिला इतरांची किळस येत होती. आता स्वतःची आली. रोलर थांबवायला काहीही सांगता आलं असतं. म्हणता आलं असतं, पाळ खचेल. वडील जन्मभर गप्प राहिले आणि तिला ते जमलं नाही.

मंडळी नाश्त्याला पांगल्यावर तिने त्याच शालीने रांगोळी पुसून काढली. परसरामने विटा उचलल्या, बांबू उपटले. मग दोघं लांब जाऊन बसले, मान वळवून. ऊन तापेपर्यंत बसले. टिटवी आली नाही.

बुधवारी ग्रुपवर पिल्लांचा फोटो पडला, कुठून तरी उचललेला. 'आपली बाळं!' खाली टाळ्यांचा नुसता पाऊस, आणि अर्ध्या टाळ्या साधनाताईंना.

रविवारी नेहमीप्रमाणे ती सगळ्यांच्या मागून पाळीवर आली. अंडी तिथेच होती. एक फुटलं होतं, मुंग्या लागल्या होत्या, वास सुटला होता. तिने नाक दाबलं नाही. उतारावरच्या पळसाखाली काठीने उकरलं, अंडी ठेवली आणि माती लोटली. मग हात धुऊन केंद्रात गेली.

"फोटो पाह्यला ना, ताई?" योगेंद्रने विचारलं.

"पाह्यला. अन् अंडेही पाह्यले. सडले ते."

योगेंद्र बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती. "ग्रुपवर नोका टाकू," तो खालूनच म्हणाला.

साधनाने पोतं उचललं आणि त्या सकाळच्या बाटल्या गोळा केल्या.

परतीच्या दौडीला सगळे हो-हो करत सुटले. मुरमावर अजून गेरूचे डाग होते; त्यांच्यावर धडाधडा पाय देत सगळे सरळ निघून गेले. धूळ खाली बसता बसता साधना तिथे आली. आता तिथे काहीच नव्हतं. ती वाट सोडून गवतात उतरली, वळसा घातला आणि पुन्हा वाटेला लागली.