एकोणतीस डिगरी

माझ्या बहिणीची लेक नीलांबिका पुण्याला सिनेमाच्या शाळेत शिकायला गेली तेव्हा आमच्या घराण्यात आठ दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. मुलीनं मास्तरीण व्हावं, नर्स व्हावं. सिनेमा ही काय शिकायची गोष्ट झाली? पण ती गेली. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सोलापूर गाडीनं तुळजापूरला उतरून, आईकडं न जाता, थेट माझ्या दारात उभी राहिली. हातात फुलस्केप वही, गळ्यात कुणाचा तरी उसना कॅमेरा.

"मावशी, मला एक गोष्ट दे," चपला काढता काढताच म्हणाली.

"आधी पाय धू. गोष्ट म्हणजे काय माठातलं पाणी आहे व्हय, मागितलं की ओतायला?"

माझी पूजा व्हायची होती. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन, पाणी घालून, भस्म लावून बेल वाहिल्याशिवाय मी तोंडात घोट घेत नाही. दीक्षा झाल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली. पूजा झाल्यावर तिच्या हातावर तीर्थ घातलं, तशी बोलायला लागली.

तिच्या सरांनी काम दिलं होतं. थरारक सिनेमाची पहिली पाच मिनिटं लिहायची आणि त्यांचे फोटो काढून आणायचे. अट एकच, गोष्ट कुठून उचललेली नको. नीलूनं चार लिहिल्या, चारही परत आल्या. एकीत सुरा होता, एकीत विहिरीत प्रेत, एकीत टेलिफोन वाजायचा आणि पलीकडं कुणी बोलायचं नाही.

"सर म्हणाले, हे सगळं मी टाकीजमधे बघून बसलोय. सोमवारपर्यंत नवं दिलं नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की आईनं लातूरचं स्थळ काढूनच ठेवलंय."

"बघू तुझी वही."

वाचली. सगळी माणसं नुसती पळत होती.

"हे का पळतात ग?"

"भितात म्हणून."

"कुणाला?"

"ते शेवटी कळतं ना, मावशी!"

मी तांदूळ निवडत होते. का बोलले ते आजही सांगता येत नाही. तिचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून असेल, नाहीतर तेरा वर्षं तोंडाशी आलेलं तिच्या निमित्तानं बाहेर पडलं असेल. म्हणाले, "नुसते हात दाखव. तोंड दाखवू नको. नुकतं फटफटलंय. डेअरीची खोली, मधे मोठा कॅन. कुणी आलेलं नाही. एका बाईचे हात येतात. कासंडीतलं दूध कॅनमधे ओततात, मग पदराखालनं तांब्या काढतात आणि त्यातलं पाणी ओततात. मग गावात बोंब उठते, दुधात पाणी निघालं. लोक एका बाईला धरतात. बघणाऱ्याला हात ठाऊक आहेत, पण तोंड ठाऊक नाही."

नीलूनं पेन्सिल उचलली. "म्हणजे धरली ती बाई तीच का दुसरी, हे कळत नाही! मावशी, अग कमाल! मग ओतताना ती कुठं बघते? दाराकडं?"

"दाराकडं नाही. तांब्याकडंही नाही. वर, भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यातल्या देवाकडं."

"हात थरथरतात?"

"नाही. तिला वाटत असतं आपण काही वाईट करत नाही."

"हे तर आणखीच भारी! पण असं कसं वाटेल?"

"वाटतं," मी म्हणाले, आणि निवडलेले तांदूळ खड्यांसकट पुन्हा एकत्र केले.

आता ते लिहितेच.

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट. आमचे हे, बंडप्पा, गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. सगळ्यांच्या दुधात काचेची नळी सोडून बघायचे. गावात त्याला डिगरी लावणं म्हणत. दूध पातळ असलं की नळी खाली जायची, आकडा कमी यायचा. फक्त आमच्या घरच्या दुधाला डिगरी लागत नसे. सेक्रेटरीच्या घरचं दूध, त्यात काय बघायचं? मी सगळ्यांच्या आधी जाऊन कॅनमधे ओतून यायचे.

पाऊस पडावा म्हणून मी व्रत धरलं होतं, रोज तांब्याभर दूध गावाबाहेरच्या महादेवाला. बायका माझ्या पाया पडायच्या. पुढं कडबा संपला, म्हैस आटत चालली. सोसायटीला रोजचं माप तर घालायलाच हवं, नाहीतर सेक्रेटरीच्या घरचंच दूध कमी म्हणून बोलणी बसायची. देवाचं कमी करवेना. मग मी एक युक्ती केली. लिंगपूजेचं तीर्थ तांब्यात धरून ठेवायचे आणि देवाला काढलं तेवढं दुधात भरून घालायचे. पाणी घातलं असं मी मनाला कधी म्हटलंच नाही. तीर्थ घातलं म्हटलं. ज्याच्या पोटात जाईल त्याचं भलंच होईल असंही म्हटलं. म्हैस जशी आटली तसं तीर्थ वाढलं. एकाचे दोन तांबे झाले.

एक दिवस दुधात पाणी निघालं म्हणून शीतकेंद्रातनं आख्खा कॅन परत आला. त्या दिवशी सात घरचं दूध होतं. आमचं धरून सहा घरं आमच्या आळीतली. सातवी मुक्ताबाई, बौद्धवाड्यातली. तिला नुकतीच योजनेतनं म्हैस मिळाली होती. तिचं दूध आपल्या कॅनमधे पडतं म्हणून महिनाभर लोकांची कुजबुज चाललीच होती. चेअरमन कल्याणप्पांनी मीटिंग बोलावली. कुणी तिचं नाव घेण्याआधीच सगळे तिच्याकडं वळून बसले होते.

"माझ्या दुधाला डिगरी लावली व्हती की," मुक्ताबाई ह्यांच्याकडं बघून म्हणाली. "सेक्रेटरीसायेब, तुमीच लावली. सांगा की किती आली व्हती."

हे खाली मान घालून बसले. मी दारामागं उभी होते. हातात जपमाळ होती.

तिचं नाव काढून टाकलं. तिचं दूध कुणी घेईना, तिनं म्हैस विकली आणि रोजगार हमीवर खडी फोडायला गेली. घरी आल्यावर हे मला काहीच बोलले नाहीत. सहा घरच्या दुधाला डिगरी लावली होती, आमच्या घरच्याला नव्हती; हिशेब त्यांना येत होता. त्या दिवसापासून त्यांनी घरात दुधाचा चहा घेतला नाही. कोरा दे म्हणायचे. नऊ वर्षं, मरेपर्यंत, मी त्यांना कोरा चहा दिला आणि का म्हणून एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नीलू डेअरीच्या जुन्या खोलीची किल्ली मागायला कल्याणप्पांकडं गेली. परत आली ती उड्या मारतच.

"मावशी, लबाड! म्हणे सुचलं! ही खरी घडलेली गोष्ट आहे. कल्याणप्पांनी सगळी सांगितली. ती मुक्ताबाई ना?"

माझ्या हातातला तवा चुलीवर आपटला.

"मग आता शेवटही ठरला," ती म्हणाली. "मी उगाच दुसरी बाई शोधत होते. लोक धरतात तीच ती. शेवटी कॅमेरा हातावरनं वर जातो आणि तोंड तिचंच! आणि ऐक, मी तिच्या घरी जाऊन आले. हात तिचेच घेणार. उद्या सकाळी येते म्हणाली."

"येते म्हणाली? तिला सांगितलंस काय करायचं ते?"

"कॅनमधे ओतायचं म्हटलं. मग म्हणाली, सगळा गाव येनार आसंल तर येते."

त्या दिवशी मला अन्न गेलं नाही. उपास आहे म्हणून सांगितलं. नीलू म्हणाली, "आज कसला ग?" मला एकही नाव सुचलं नाही.

सकाळी पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडं बघवेना. पुण्यात हे फोटो लोक बघणार, गावातही फिरणार. मी गप्प बसले तर मुक्ताबाईनं तेरा वर्षांपूर्वी जे केलं नाही ते ती आता स्वतःच्या हातानं करताना कायमची दिसणार. आणि ती गोष्ट माझ्याच तोंडून निघालेली. तीर्थ तांब्यात घेतलं, तांब्या पदराखाली धरला आणि निघाले.

डेअरीपुढं ही गर्दी. कल्याणप्पा खुर्ची टाकून बसलेले. बायका माझ्याकडं बघून सरकल्या, वाट दिली. कुणी म्हणालं, "शांताक्का आल्या, आता मुहूर्त चांगला लागला." तिथल्या तिथं भुईनं गिळावं असं झालं.

मुक्ताबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. केस पार पिकले होते. नीलूनं तिच्या हातात कासंडी आणि तांब्या दिला. "मुक्ताबाई, आता असं वाका, आणि आधी हे, मग हे ओता."

मुक्ताबाईनं कासंडी ओतली. तांब्या मात्र खाली ठेवला.

"ह्यो न्हाय वतनार म्या."

"अहो, खोटंखोटं आहे, नाटक—"

"म्हाइत हाय, लेकी. तवा बी नाटकच व्हतं. तवा म्या वतलं न्हाय, आज कशापायी वतू? ह्येच सांगाया आले म्या. सगळ्यांम्होरं."

कल्याणप्पा हसले. "मुक्ते, कुठं जुनं उकरतीस? फोटो काढायचाय नुसता. पोरीला मदत कर."

"मदतच करतीया. हात कुनाचे व्हते त्ये सोधा म्हनावं."

लोकांत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "सोधा, सोधा, फौजदार बोलवा." नीलू बावरून माझ्याकडं बघायला लागली. त्या गर्दीत मला सगळ्यात जवळचं तोंड मुक्ताबाईचं होतं. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. नुसती उभी होती, बसची वाट बघत माणूस उभं राहतं तशी.

मी पुढं झाले. पदराखालचा तांब्या काढला आणि कॅनवर वाकले. डावा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडं गेला, नजर वर भिंतीकडं. कॅलेंडर आता तिथं नव्हतं, खिळा होता. तीर्थ ओतलं. हात थरथरत होते. त्या वेळी नव्हते थरथरले.

"असं," मी नीलूला म्हणाले. "हात असे होते. माझे."

नीलूनं कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, तो खाली घेतला. बटण दाबलं नाही.

कल्याणप्पा उठले. "शांताक्का, तुमाला बरं वाटत नाही. उन्हाचा तरास झालाय. चला घरी."

"बरं आहे मला. कॅनमधलं पाणी माझं होतं. व्रताचं दूध काढायचे आणि तीर्थ भरायचे. मुक्ताबाईंच्या दुधात काही नव्हतं."

मी बोलले, पण माझा आवाज तो असा. पुढच्या दोनचार बायकांच्या पलीकडं तो गेलाच नाही. मागची माणसं एकमेकांना विचारत होती, "काय म्हनल्या? काय म्हनल्या अक्का?" आणि कुणीतरी सांगत होतं, "पूजा केली म्हनं डेअरीची."

मुक्ताबाई माझ्याजवळ आली. तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमचं मालक जित्ते आसते तर बोलला आसता?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलायची आता ताकद नव्हती.

"त्येंनी डिगरी लावली व्हती माझ्या दुधाला. किती आली व्हती, म्हाइत हाय?"

मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर नऊ वर्षं एका घरात राहून मी ह्यांना तेवढंही विचारलं नव्हतं.

"एकोनतीस. म्या समूर हुबी व्हते. एकोनतीस आली, चांगलं हाय म्हनले, मान बी हलीवली. मीटिंगीत इचारलं तर खाली बगितलं." ती थांबली. "मला तुमचं रडगानं नगं अक्का, पाया बी पडू नगा. त्यो आकडा त्येंच्या घरच्या मानसानं सांगावा, येवढंच."

"एकोणतीस," मी म्हणाले.

"मला न्हाय. त्येस्नी."

मी गर्दीकडं तोंड वळवलं. "मुक्ताबाईंच्या दुधाला एकोणतीस डिगरी आली होती."

"मोठ्यानं," मुक्ताबाई म्हणाली. "मागं कुनाला ऐकू जाईना."

जन्मात मी कधी मोठ्यानं बोलले नाही. सासरी कुणी माझा आवाज ऐकला नाही म्हणून लोक कौतुक करायचे, आणि मी ते पुण्य म्हणून पदरात बांधून ठेवलं होतं. कॅनच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं आणि पोटातनं ओरडले, मुक्ताबाईंच्या दुधाला एकोणतीस, इतक्या जोरात की गर्दीमागं बांधलेला बैल दचकून उठला. कल्याणप्पा परत खुर्चीत बसले. मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा आवाज फाटला होता, पण मागच्या माणसांनी काय म्हनल्या, काय म्हनल्या असं विचारायचं थांबवलं होतं.