एकाच कॅनूत

ग्लेनने आपली कॅनू, ती अरुंद, हलकी होडी, वाळूवरून ओढत आणून पाण्यात ढकलली आणि मांडीएवढ्या पाण्यात उभं राहून ती धरून ठेवली. जून नुकता लागला होता. बर्फ वितळून गेला असला, तरी तळ्याचं पाणी अजून हाडांत शिरत होतं.

“बस लवकर. पुढे,” तो म्हणाला. “उभा राहू नकोस, गुडघे टेकून बस.”

थिओ बुटांसकट आत चढला. कॅनू एका अंगाला कलली, तसे त्याने दोन्ही काठ घट्ट धरले. ग्लेनने बैठकीखालचं लाइफ-जाकीट ओढून त्याच्याकडे फेकलं.

“हे घाल.”

“दोनच आहेत?”

“एक माझ्या अंगावर आहे, एक ते.”

थिओने हातातल्या जाकिटाकडे पाहिलं आणि ते मधल्या रिकाम्या जागेत टाकलं. “ब्रिटा जाकिटाशिवायच गेलीय. तिच्यासाठी राहू दे.”

वाद घालायला वेळ नव्हता. ग्लेन मागच्या टोकाला चढला आणि वल्ह्याने तळ रेटून त्याने कॅनू किनाऱ्यापासून सोडवली.

ब्रिटा बरीच लांब गेली होती. उभं राहून वल्हवायच्या त्या पिवळ्या फळीवर ती पालथी पडली होती. वल्हं केव्हाच हातातून निसटलेलं. वारा किनाऱ्याकडून तळ्याच्या मध्याकडे वाहत होता. वाळूवर बसलेल्या माणसाला तो कळतही नसे, कारण मागे पाइनची दाट झाडी होती आणि तिच्या आडोशाला पाणी गुळगुळीत दिसे. पण पुढे, खडकांची जी सोंड तळ्यात शिरली होती तिच्यापलीकडे सगळं उघडं होतं. तिथे लाटा पांढऱ्या फुटत होत्या, आणि फळी तिकडेच सरकत चालली होती.

ब्रिटाची आई मॅरिट पार्कच्या कचेरीकडे धावली होती. इथे फोन लागत नसे, आणि रेंजरची मोटरबोट असायची पार दुसऱ्या टोकाला. ती येईपर्यंत वाट बघणं शक्य नव्हतं.

शनिवार-रविवार ब्रिटा बापाकडे, ग्लेनकडे होती. दोघांनी तंबू ठोकला होता, मासे भाजून खाल्ले होते, टेकडीवरच्या पायवाटेने दोनदा चक्कर मारली होती. आता मॅरिट तिला न्यायला आली होती, आणि तिच्याबरोबर तिचा दुसरा नवरा थिओ. ग्लेन आणि थिओ यांच्यात आजवर जे बोलणं झालं होतं ते गाडीच्या खिडकीतून, ‘बॅग मागे ठेव’ एवढंच. सकाळी ब्रिटाने फळी मागितली तेव्हा ग्लेनने साफ नाही म्हटलं होतं. मग दुपारी तो तंबू उतरवायला वर गेला, मॅरिट गाडीत सामान लावत होती, आणि खाली वाळूवर ब्रिटाजवळ थिओ एकटा होता.

“उथळ पाण्यातच राहीन म्हणाली,” थिओ मागे न वळता बोलला. “मी हो म्हटलं.”

“तोंड बंद ठेव आणि उजवीकडे वल्हव.”

थिओ वल्हवू लागला. त्याला काही जमत नव्हतं. वल्हं कधी खोल जाई, कधी वरच्यावर पाणी उडवून येई आणि ते पाणी सगळं ग्लेनच्या तोंडावर. ग्लेनने ते पुसलं नाही. गेल्या वर्षी त्याच्याबरोबर असताना ब्रिटा खडकावरून घसरली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये मॅरिट अगदी हळू आवाजात म्हणाली होती, “आणखी एकदा असं काही झालं, तर तिचा ऑगस्ट विसर.” यंदा ऑगस्टचे दोन आठवडे ब्रिटा त्याच्या घरी राहणार होती. त्याने तिच्या खोलीला रंगही देऊन ठेवला होता. तो समोरच्या भिजलेल्या पाठीकडे बघत वल्हं असं हाणत होता की कॅनूचं नाक दर खेपेला वाकडं होत होतं.

“आपण गोल फिरतोय,” थिओ धापा टाकत म्हणाला.

ते खरं होतं.

“तू मोजून मार. मी तुझ्या मागून मारतो. मोठ्याने मोज.”

“एक… दोन… एक… दोन…”

कॅनू सरळ झाली आणि झाडांचा आडोसा संपला. मागून वाऱ्याचा असा तडाखा आला की ग्लेनची टोपी उडून गेली. लाटा मागून येऊन कॅनूला उचलत आणि खाली सोडत. काठावरून पाणी आत आलं.

“पाणी येतंय,” थिओ म्हणाला.

“येऊ दे. मोज.”

थिओ मोजत राहिला. त्याची नजर पाण्याकडे जात नव्हती. पिवळ्या फळीवरून ती क्षणभरही हलली नाही, आणि मोजताना त्याचा आवाज मधेच चिरकत होता. घाबरट आहे नुसता, ग्लेनला वाटलं.

सोंड ओलांडायच्या जरा आधी त्यांनी तिला गाठलं. ब्रिटाचे ओठ जांभळे झाले होते आणि तिने फळीचा पुढचा पट्टा दोन्ही मुठींत धरला होता.

“बाबा, वल्हं गेलं,” ती म्हणाली. जणू तेवढंच रागावण्यासारखं होतं.

“जाऊ दे ते. नीट ऐक. मी फळी धरतो. सांगेन तेव्हा पोटावर सरपटत आत यायचं. उभं राहायचं नाही. थिओ, ती चढेल तेव्हा कॅनू तिच्या बाजूला कलेल. तू पलीकडे झुकायचं.”

“किती?”

“मी बास म्हणेपर्यंत.”

फळी लाटेबरोबर आपटत होती. दोनदा ग्लेनचा हात निसटला. तिसऱ्यांदा त्याने पट्टा पकडला.

“ये!”

ब्रिटाने अंग पुढे टाकलं. कॅनू कलली, काठ पाण्याला टेकला.

“झुक!” ग्लेन ओरडला. “आणखी! अरे, आणखी झुक!”

थिओ झुकला. त्याचं डोकं आणि दोन्ही खांदे काठाबाहेर गेले, एक लाट त्याच्या कानावरून गेली, तरी तो तसाच राहिला. डोळे त्याने गच्च मिटले होते. ब्रिटा धपकन ग्लेनच्या पायांशी येऊन पडली.

“बास!”

थिओ आत आला आणि खोकत राहिला. ग्लेनने ब्रिटाच्या अंगात जाकीट चढवलं, पट्टे आवळले, ते सैल नाहीत ना हे गळ्यापाशी दोन बोटं घालून पाहिलं. फळी त्याने सोडून दिली. वारा तिला घेऊन गेला. ब्रिटाचे दात वाजत होते. तिने पुढे पाहिलं, आणि एकदम म्हणाली,

“थिओ, तू कशाला आलास? तुला पोहता कुठे येतं!”

“गप गं तू,” थिओ म्हणाला.

एक लाट कॅनूच्या पोटावर आदळली. ग्लेनने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. समोर थिओचा पातळ सुती शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्याच्याखाली प्रत्येक श्वास दिसत होता. काठावरच्या दोन्ही हातांची बोटं पांढरी पडली होती.

ग्लेनने आपल्या जाकिटाचे पट्टे सोडले, ते अंगातून काढलं आणि ब्रिटाच्या डोक्यावरून पुढे फेकलं.

“घाल.”

“आणि तू?”

“मला येतं.”

“ग्लेन, हे बघ…”

“आता वाऱ्याच्या तोंडावर जायचंय. घाल, नाहीतर मी इथून हलत नाही.”

थिओने जाकीट घातलं. पट्टे त्याला लागेनात, तेव्हा ब्रिटाने सरकून मागून ते लावले.

सरळ किनाऱ्याकडे जाणं अशक्य होतं. ग्लेनने कॅनू तिरकी धरून सोंडेच्या आडोशाला नेली, आणि मग ते खडकांच्या कडेकडेने इंच इंच मागे येऊ लागले. थिओचा घसा बसला होता, तरी तो मोजत होता. ब्रिटा त्याच्या खिशातल्या कापडी हॅटने पाणी उपसू लागली.

“नवी आहे ती,” थिओ म्हणाला.

“तुला तशीही शोभत नव्हती.”

ग्लेनला हसू आलं. ते त्याने आवरलं.

मॅरिट कचेरीतून परतून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिने ब्रिटाला उचलून घेतलं, वाळूवर नेऊन ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, तिचे हात, पाय, मनगट चाचपून पाहिलं. सगळं जागच्या जागी आहे हे कळल्यावर ती उठली.

“कोणी सोडलं हिला पाण्यात?”

थिओने जाकिटाचे पट्टे सोडायला हात वर नेले होते. ते तिथेच थांबले.

“मी,” ग्लेन म्हणाला.

ब्रिटाने तोंड उघडलं. ग्लेनने तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि केस खसाखसा पुसायला सुरुवात केली.

“तुला वारा दिसत नव्हता?” मॅरिटचा आवाज फाटला. “जन्म गेला तुझा या तळ्यावर!”

“दिसत होता.”

मग तिने ब्लँकेटसकट ब्रिटाला जवळ घेतलं आणि गाडीकडे चालायला लागली. “ऑगस्टचं मी कळवते,” ती पाठमोरीच म्हणाली.

थिओ मागे राहिला. दोघांनी मिळून कॅनू उलटी केली. पाणी भसाभस वाळूत गेलं.

“मी सांगतो तिला. आत्ता सांगतो.”

“नको.”

“का नको? चूक माझी आहे.”

ग्लेनने वल्ही गोळा केली. “त्या घरात पोरीला रोज राहायचंय. तिथे भांडण नको. माझ्याकडे काय, ती महिन्यातून दोनदा येते.”

“पण ऑगस्ट…”

“जा तू. हीटर लावायला सांग तिला. आणि कोरडं काहीतरी घाल.”

थिओने हात पुढे केला, पण ग्लेनच्या दोन्ही हातांत वल्ही होती. मग तो वळला आणि भिजलेल्या बुटांचा आवाज करत वर गेला.

मॅरिटने गाडी सुरू केली. मागच्या काचेतून ब्रिटाचा हात हलताना दिसला. ग्लेनने वल्हं वर केलं. गाडी झाडीतल्या रस्त्याने फाटकापर्यंत गेली आणि थांबली. दुसरी गाडी येत असेल असं त्याला वाटलं, पण रस्ता मोकळा होता. मागचे लाल दिवे तसेच लागून राहिले. काचेतून मॅरिटचं डोकं थिओकडे वळलेलं दिसत होतं, आणि ते परत समोर होत नव्हतं.

ग्लेनने तिकडे पाठ केली. कॅनू वाळूवरून ओढत नेऊन त्याने ती झाडाला टेकवली, दोर गुंडाळला, तो नीट बसला नाही म्हणून सोडून पुन्हा गुंडाळला. आता त्याला थंडी वाजू लागली होती. मान वर केली तेव्हा फाटकाजवळचे लाल दिवे विझले होते. त्यांच्या जागी दोन पांढरे दिवे लागले होते, आणि गाडी हळूहळू, उलटी, त्याच्याच दिशेने येत होती.