सहाला वाढवा

अभिमन नानांनी प्लास्टिकची बाटली शोभेच्या माशांच्या दुकानात काउंटरवर आपटली. आतलं पाणी हिरवंगार होतं आणि त्यात एक अर्धं सडलेलं पान लोळत होतं.

"बठ्ठं सडी गयं, शेठ! बठ्ठं!"

सोनगीरहून धुळ्याला येईपर्यंत एसटीत ती बाटली त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. माशांची काचेची टाकी त्यांच्या लेकीची, दीपमालाची. पण तिचा जीव माशांपेक्षा पाण्यातल्या झाडांवर. पोरीनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, नाना लग्नाला गेले नाहीत, त्याला तीन वर्षं झाली. घरातून निघताना ती एवढंच बोलली होती, "झाडं तेवढी जगवा." रविवारी ती पहिल्यांदाच येणार होती, आणि सगळं सडून टाकीत उरलं होतं काय? चिखल!

गल्ल्यावरचे प्रकाशचंद शेठ चष्मा सावरत बाटलीकडे बघत राहिले.

"फोन केला होता ना तुम्हाला?" नाना म्हणाले. "काचेवर शेवाळ धरलंय म्हणालो. तुम्ही काय सांगितलं? लाईट वाढवा! वाढवला की. नऊ वॉटचा काढून वीसचा लावला, रात्रंदिवस पेटता ठेवला. अजून किती वाढवू?"

फळीवर डबे लावणारा शेठजींचा मुलगा, तरुण, थबकला.

"बाबूजी, तुम्ही 'वाढवा' म्हणालात?"

शेठनी चष्मा काढून हातात घेतला. या दुकानात 'बंद' हा शब्द कुणी काढायचा नाही, असा त्यांचाच दंडक. दुकान वाढवायचं, दिवा वाढवायचा; बंद म्हटलं की लक्ष्मी पाठ फिरवते.

"नाना," तरुण हळूच म्हणाला, "बाबूजींचं वाढवणं म्हणजे मालवणं. जास्त उजेडानं शेवाळ फोफावतं आणि झाडं गुदमरतात."

नाना मटकन स्टुलावर बसले. त्यांच्या आईची बांगडीसुद्धा कधी फुटायची नाही, वाढायची. आणि आपल्याला एवढं कळू नये? आता रागवायचं तरी कुणावर! उरली ती नुसती भीती.

"पोर रविवारले ई राहिनी," ते पुटपुटले. "तिले काय सांगू?"

शेठ गल्ल्यावरून उठले. दुकानातल्या मोठ्या टाकीत बाहीसकट हात घातला, तीन रोपं मुळांसह काढली आणि पाणी भरलेल्या पिशवीत ठेवली. तरुणनं फळीवरून बल्बचं खोकं काढलं.

"दोन फुटी टाकीला नऊचाच पुरे, नाना. पिवळा नको, निळा नको. दिवसाच्या उजेडासारखा हा पांढरा घ्या."

"पोरीला सांगा, दुकानदारानं घोळ केला," शेठ म्हणाले. "आणि सकाळी दहाला लावायचा. संध्याकाळी सहाला..."

ते अडखळले. भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"बंद करायचा. बंद."

तरुणच्या हातातलं बल्बचं खोकं तसंच राहिलं.

नानांनी ते त्याच्याकडून घेतलं, पिशवी छातीशी धरली आणि दारापर्यंत जाऊन वळले.

"वाढवतो, शेठ," ते म्हणाले. "सहाला वाढवतो."