उगवतीकडे पाय

"मेलेल्याचे डोळे मिटताना बोलू नये गं. त्याचं नाव घेतलंस, तर जाणारा अडखळतो."

आईचं सांगणं आठवून ओनोराने ओठ घट्ट मिटले आणि विनीच्या पापण्यांवरून हात फिरवला. आयर्लंडात आई गावची मढी धुवायची. इथे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या व्हॅन डायमेन बेटावरच्या कैदी बायकांच्या तळावर, तेच काम लेकीच्या वाट्याला आलं होतं. एरवी धुणं, आणि कुणी गेलं की हे.

विनीचं तान्हं आदल्या हिवाळ्यात इथेच गेलं होतं. स्वतः जाण्याआधी विनीने ओनोराचं मनगट धरलं होतं.

"त्याच्याशेजारी ठेव मला. पाय उगवतीकडे. देवाने हाक मारली की सगळे उगवतीकडे तोंड करून उठतात ना? उठल्या उठल्या तो दिसू दे मला."

"दिसेल. माझा शब्द."

पुरायला मात्र बायकांना नेत नसत.

नंतर ते ऐकू येऊ लागलं. वाळवणाच्या दोऱ्यांपलीकडे कबरी होत्या. भर दुपारी, धुक्यात, तिथल्या मातीतून करकर यायची. जुन्या फळ्यांवर माणसं वळावीत तशी.

"कूस बदलतायत मेल्या," चादर पिळता पिळता पेग म्हणाली. "इकडे येताना बोटीत नाही का, एक वळली की अख्ख्या रांगेला वळावं लागायचं!" ती हसली. मग आवाज पुन्हा आला आणि पेग हातातली चादर टाकून आत गेली.

ओनोरा छातीवर क्रुसाची खूण करून कबरींकडे गेली. कबरी खणणारा नवा खड्डेवाला, इंग्लंडातल्या डेव्हनचा म्हातारा कैदी सायलस, विनीच्या उशाशी दगड रोवत होता. कबरी शेजारी शेजारी, पण बाळाच्या उशाचा दगड एका टोकाला आणि विनीचा नेमका दुसऱ्या टोकाला.

"सायलसबाबा, पूर्व कुठली धरलीत?"

"मला शिकवतेस होय? दुपारच्या सूर्याकडे तोंड करायचं, डावा हात ती पूर्व. बापाने शिकवलंय."

"सकाळी कधी सूर्य पाहिलात इथला?"

"सकाळी कोंडलेला असतो मी. सोडतात तेव्हा तो डोक्यावर आलेला."

"मी रोज पाहते, धुणं घालताना. तो तुमच्या उजव्या हाताला उगवतो. इथे सगळं उलटं आहे, बाबा. दुपारचा सूर्यही उत्तरेला असतो."

सायलस धुक्यातल्या फिकट सूर्याकडे बघत राहिला. एकदा उजवा हात उचलला, एकदा डावा. मग टोपी काढली.

"आल्यापासून सगळ्याच उलट्या पुरल्या गं मी," तो पुटपुटला. "आणि साहेबाला सांगितलं तर पाठ सोलून काढेल."

पायाखाली माती हलकेच करकरली.

"बाळाकडे पाठ करून निजवलीत तिला," ओनोरा म्हणाली. "रविवारी दुपारी सगळे प्रार्थनेला असतात. तेव्हा फावडं घेऊन या, फिरवू तिला."

"आणि तू? गैरहजर राहिलीस तर अंधारकोठडी."

"ठाऊक आहे."

रविवारी घंटा झाली. बायका रांगेने देवळाकडे निघाल्या. आईच्या कडेवरून जायची तेव्हापासून ओनोराने एकही रविवार चुकवला नव्हता. बराकीच्या दाराशी तिने गुडघा टेकला, मनातल्या मनात माफी मागितली, आणि रांग वळली तिथे ती वळली नाही. शाल डोक्यावरून घेऊन, दोऱ्यांवरच्या ओल्या चादरींमधून वाट काढत, ती धुक्यात चालू लागली.